जॅझचे परीक्षक आणि आमची बँडवाली पोरं

आपल्याकडच्या गायन स्पर्धांचे परीक्षक कसे असतात ते मला चांगलं ठाऊक आहे, गणेशोत्सवात दरवर्षी नाव द्यायचे मी. स्टेजसमोर टेबल, त्यावर पांढरी चादर, तीन खुर्च्या, कानाशी हात नेऊन गंभीर चेहरा. शेवटी एक जण उठणार, "सर्वच स्पर्धक उत्तम गायले, निकाल देताना आमचीच परीक्षा झाली" म्हणणार, मग उत्तेजनार्थपासून वर नावं वाचणार, शाल-श्रीफळ घेणार आणि जाणार. आपलं नेमकं काय फसलं, सूर की ताल की गाण्याची निवडच, हे कधी म्हणजे कधी कळलं नाही. आई म्हणायची वशिला होता. असेलही.

त्यामुळे लेक हायस्कूलच्या जॅझ बँडमध्ये गेली आणि फेस्टिवल नावाचं प्रकरण सुरू झालं तेव्हा मी तसंच काहीतरी धरून चालले होते. आम्ही सिएटलच्या बाजूला राहतो, इथे शाळांमध्ये जॅझचं वेड भलतंच आहे, आपल्याकडे आंतरशालेय क्रिकेटचं असतं तसं. लेक ट्रम्बोन वाजवते, ते सरकत्या नळीचं पितळी वाद्य, त्यातही सेकंड ट्रम्बोन, म्हणजे सोलो (एकट्याने पुढे येऊन वाजवायचा भाग) क्वचित, काम भरपूर. मी यावेळी चॅपरोन म्हणून बसमध्ये होते, म्हणजे पोरांची डोकी मोजायची, कोणाचं जॅकेट राहिलं बघायचं, आणि त्या बदल्यात परीक्षकांच्या मागच्या रांगेत बसायला मिळतं.

फेस्टिवल मॉस्कोला होता. आयडाहोतलं मॉस्को, रशियातलं नाही, हे घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सांगून सांगून थकले, मोठ्या काकूंनी तरी "थंडी जपा गं, आणि तिथे युद्ध चाललंय ना" असं लिहिलंच. सिएटलहून पाचेक तास, वाटेत घाट, बर्फ, मग पलूस नावाच्या (आपलं सांगलीचं नव्हे) तिथल्या भागातल्या गव्हाच्या टेकड्या सुरू होतात, लांबच लांब, आणि त्यात हे छोटं विद्यापीठाचं गाव. १९६७ पासून तिथे शाळकरी मुलांचा जॅझ फेस्टिवल भरतो, १९८५ पासून त्याला लायनेल हॅम्प्टनचं नाव आहे. हॅम्प्टन म्हणजे ज्याने व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य जॅझमध्ये रुजवलं, १९३६ साली बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवाल्याच्या क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौघांच्या बँडमध्ये, गोऱ्या वादकांबरोबर उघड स्टेजवर बसणाऱ्या पहिल्या काही काळ्या वादकांपैकी एक. बासवाला रे ब्राऊन, पियानोवाला हँक जोन्स अशी मोठी माणसं या गावात येऊन वाजवून गेलीयेत. मी जॅझमधली तज्ञ वगैरे मुळीच नाही, पण ही नावं आता मलाही पाठ झालीयेत, लेकीच्या कृपेने.

पद्धत अशी असते की दिवसभर एकेक शाळा येते, तीन चार्ट, म्हणजे बँडसाठी कागदावर लिहिलेल्या रचना, वाजवते, एक झुलत्या लयीची स्विंग, एक संथ बॅलड, एक लॅटिन किंवा काही वेगळं. परीक्षकांसमोर छापील कागद असतो, त्यावर रकाने, टोन, इंटोनेशन (सूर किती नेमका लागतो ते), बॅलन्स, टाइम, स्टाइल, डायनॅमिक्स आणि त्यातच कुठेतरी एक रकाना इम्प्रोव्हायझेशन. ज्या संगीताचा सगळा जीवच मनानं वाजवण्यात त्याला सातातला एक रकाना, हे बघून मला हसू आलं होतं, पण नंतर लक्षात आलं की शाळेच्या बँडला बाकीचे सहा जमले नाहीत तर सातव्याला काही अर्थच उरत नाही. काही फेस्टिवल नंबर काढतात, काही नुसतं रेटिंग देतात, काही फक्त कॉमेंट्स. आणि बहुतेक ठिकाणी परीक्षक मुलं वाजवत असतानाच रेकॉर्डरमध्ये बोलत असतो, ती फाईल नंतर बँड डायरेक्टरला, म्हणजे शाळेत बँड शिकवणाऱ्या सरांना, मिळते.

ही फाईल म्हणजे सोनं आहे, खरंच. घरी लेकीने लावली तेव्हा मी भाकऱ्या करत होते आणि भाकरी तव्यावर करपली. मागे आपली पोरं वाजवतायत आणि कानाशी एक खर्जातला आवाज बोलतोय, हळू, सिनेमा बघताना शेजारच्याशी बोलावं तसा. ट्रम्पेट्स, शेवटचा स्वर प्रत्येक जण आपापल्या वेळेला सोडतोय, एकत्र सोडा. बॅरी सॅक्स (सगळ्यात खर्जातला सॅक्सोफोन) कुठेय, बॅरी सॅक्स, तू दिसतोयस पण ऐकू येत नाहीयेस. थर्ड ट्रम्बोन, हो, अस्सं, लीडच्या, म्हणजे रांगेतल्या पहिल्याच्या, आवाजात आवाज मिसळ. बॅलड सुरू झाली, ऑल्टो सॅक्सोफोनवाली मुलगी सोलोला उभी राहिली आणि तो बोलायचाच थांबला, अख्खा कोरस, म्हणजे रचनेचं एक पूर्ण आवर्तन, काही नाही, शेवटी फक्त "हं". डायरेक्टर म्हणाले की परीक्षक गप्प बसला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. त्या मुलीने तो "हं" कापून फोनची रिंगटोन केलाय.

पण मला सांगायचंय ते क्लिनिकबद्दल. वाजवून झालं की एक परीक्षक अर्धा-पाऊण तास पोरांबरोबर घालवतो. आमच्या वाट्याला आलेला माणूस बास वाजवणारा, साठीचा, जन्मभर बँडबरोबर फिरलेला, पोट सुटलेलं, पायात स्पोर्ट्स शूज. नाव देत नाही, त्याला कशाला इथे ओढा. मला वाटलं आता इंटोनेशनवर बोलेल, कारण ट्रम्पेट्स दोनतीन ठिकाणी चांगलेच घसरले होते. तो त्यावर एक अक्षर बोलला नाही. स्टेजवर चढला आणि ट्रम्पेटच्या रांगेतल्या शेवटच्या मुलाला विचारलं, मघाशी टेनर सॅक्सोफोनवाल्याने जो सोलो घेतला त्यातली एक ओळ गाऊन दाखव. कुठलीही, चुकली तरी चालेल. मुलगा लाल. शेजारच्याला विचारलं, त्यालाही नाही. ट्रम्बोनमध्ये आला, माझ्या लेकीकडे बघितलं आणि माझ्या पोटात गोळा, तिने काहीतरी दोन-चार स्वर पुटपुटले, ते बरोबर होते की नाही देव जाणे, पण तो खूश झाला. मग म्हणाला की मी तिथे बसून तुमचा सोलोवाला ऐकत नव्हतो, तो सोलो करताना बाकीचे पंधरा-सोळा जण काय करतायत ते बघत होतो, आणि तुमच्यातले निम्मे पुढचं पान उलटत होते.

हे ऐकून मी खुर्चीत सावरून बसले. आपल्या मैफलीत हे शिकवावं लागत नाही, तबलजी गायकाच्या तोंडाकडे बघत असतो, पेटीवाला मान डोलावतो, समोरचा "क्या बात है" म्हणतो, त्यामुळे मी मुलांचं ते पान उलटणं कधी चूक म्हणून बघितलंच नव्हतं. शिस्तीत बसलीयेत, छान, असंच वाटायचं.

नंतर त्याने गिटारवाल्याचा अँप सरळ बंद केला. त्या बिचाऱ्याने नवा कोरा घेतला होता, बापाने डिस्काउंटमध्ये आणलेला. त्याला सांगितलं फ्रेडी ग्रीन या गिटारवाल्याबद्दल, की हा माणूस १९३७ मध्ये काउंट बेसीच्या नामांकित जॅझ बँडमध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच, पन्नास वर्षं, सोलो जवळपास नाहीच, नुसतं चार ठोके, प्रत्येक बारला (आपल्या छोट्या आवर्तनासारखा तालाचा तुकडा) चार, इतके हलके की ऐकू येण्यापेक्षा जाणवायचे जास्त, आणि तो नसला की अख्खा बँड ढिला पडायचा म्हणे. मग ड्रमवाल्याकडून एक काठी काढून घेतली, फक्त राईड सिम्बल ही मोठी थाळी आणि पायाने हाय-हॅट ही थाळ्यांची जोडी, तीही दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, बाकी काही वाजवायचं नाही. बास, गिटार, ड्रम, पियानोला तर फक्त मधूनमधून. तीन-चार मिनिटं तेवढंच चाललं होतं, कंटाळा यायला हवा होता, पण काय सांगू, माझा पाय आपोआप हलायला लागला. मग त्यावर बाकीच्यांना घेतलं. तोच चार्ट, तीच मुलं, आणि आवाज वेगळाच. मागे बसलेले आम्ही पालक टाळ्या द्यायला लागलो तर त्याने वळून आम्हालाही झापलं, एक आणि तीनवर टाळ्या देत होतो म्हणून. आता मला सांगा, जन्मभर समेवर पहिली टाळी दिलेल्या बाईला दोनवर टाळी द्यायला सांगायचं म्हणजे छळच की नाही. मी हात मांडीवर ठेवून बसले.

सगळेच असे असतात असं मात्र नाही हां. एका दुसऱ्या फेस्टिवलला, नाव नको, असाच एक वाजवणारा परीक्षक आला होता, नावाजलेला, पोरं सेल्फी घ्यायला धावली. क्लिनिकमध्ये त्याने आपल्या टूरचे किस्से सांगितले, "यू गाईज साउंड ग्रेट" म्हणाला आणि घड्याळ बघून गेला. मुलं जाम खूश, मी फणफणले. त्यापेक्षा रिटायर्ड बँड टीचर परीक्षक असले की कागद व्यवस्थित भरलेला येतो, कुठल्या बारमध्ये काय झालं सगळं लिहिलेलं, मार्कही एकसारखे. वाजवणाऱ्यांच्या मार्कांचा काही भरवसा नसतो, एकच बँड एकाला डोक्यावर घ्यावासा वाटतो आणि दुसऱ्याला अगदीच सपक. त्यामुळे टेबलावर दोन्ही जातीचे असावेत असं माझं मत. पण एकच निवडायचा झाला तर मी तो साठीचा बासवाला निवडेन, मार्क त्याने काहीही दिले तरी.

या सगळ्याचं वरचं टोक बघायचं असेल तर न्यूयॉर्कची एसेन्शियली एलिंग्टन ही शाळांच्या जॅझ बँडची स्पर्धा. ड्यूक एलिंग्टन हा जॅझचा मोठा रचनाकार आपल्या बँडमधल्या एकेका माणसाचा आवाज डोक्यात ठेवून लिहायचा, बऱ्याच रचनांचे शाळांना मिळतील असे धड कागदच नव्हते, मग जुन्या रेकॉर्डिंग्ज ऐकून ऐकून जाणकारांनी ते परत उतरवले आणि १९९५-९६ पासून जॅझ ॲट लिंकन सेंटर ही न्यूयॉर्कची संस्था ते चार्ट शाळांना फुकट पाठवतं. शाळा रेकॉर्डिंग पाठवतात, त्यातून एरवी १५ बँड निवडतात, २०२५ ला तिसावं वर्ष म्हणून ३० घेतले होते. निवडलेल्या शाळेत आधी एक व्यावसायिक वादक येऊन शिकवून जातो, आणि मग न्यूयॉर्कला परीक्षकांच्या टेबलावर विंटन मार्सालिस, एवढा मोठा ट्रम्पेटवाला! आमच्या सिएटलच्या गारफिल्ड आणि रूझवेल्ट या दोन सरकारी शाळांनी ती अनेकदा मारलीये. गारफिल्ड म्हणजे मायकल जॅक्सनचे अल्बम करणाऱ्या क्विन्सी जोन्सची शाळा, त्यामुळे तिथल्या पोरांची मान जरा ताठच असते. आमची शाळा त्यांच्या जवळपासही नाही, उगाच खोटं कशाला बोला.

बासवाल्याने शेवटी अजून एक गोष्ट केली ज्यावरून आमच्याकडे अजून वाद चालू आहे. चार्टमध्ये बऱ्याचदा सोलो लिहून दिलेला असतो, ज्याला मनानं जमत नाही त्याच्यासाठी. आमच्या टेनरवाल्याने तो लिहिलेलाच वाजवला होता, सफाईदार. परीक्षकाने त्याचं स्टँड उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाला आता तीनच स्वर घे, जे आवडतील ते, आणि त्यातच खेळ. पहिल्यांदा भयंकर झालं. दुसऱ्यांदा कमी भयंकर. तिसऱ्यांदा त्याने एका स्वरावर इतका वेळ तग धरला की मागून ट्रम्पेटमधला कोणीतरी "येआ" ओरडला, तोच पान उलटणारा. डायरेक्टरांचं म्हणणं, ठीक आहे, पण लिहिलेला सोलो सोडून पोराने स्पर्धेत माती खाल्ली तर मार्क जातात आणि पालक मला फोन करतात. तेही खरंय, फोन करणाऱ्यांत आपले देशी पालक पुढे असतात.

मला यावरून आपले गोव्याचे वादक आठवले. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे, आणि तीच पोरं मोठी होऊन मुंबईला ताजमध्ये, क्लबांमध्ये जॅझ वाजवायला लागली. कागद बघून वाजवणं चर्चने दिलं, मनानं वाजवणं त्यांनी तबकड्या ऐकून आणि एकमेकांच्या शेजारी बसून कमावलं. त्यांच्यातला चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाला, आपल्या सी. रामचंद्रांकडे होता, बाबांच्या लाडक्या कितीतरी गाण्यांच्या मागे तो वाजतोय हे मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले ते असू दे, आमच्या नातीचा नंबर कितवा आला?

नंबर नव्हताच, रेटिंग होतं, दुसऱ्या पायरीचं. टेनरवाल्याने आता सरांना लेखी विचारलंय की पुढच्या कॉन्सर्टला सोलोचं पान काढून टाकलं तर चालेल का. सरांनी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि पालकांच्या ग्रुपवर त्यावर दोन तट पडलेत, मी कुठल्या बाजूला आहे ते कळलंच असेल.