पिकोस दे युरोपा: बारा जण, आठ दिवस, जूनअखेर

पिकोस दे युरोपा हा चुनखडीचा डोंगर समुद्रापासून जेमतेम २० किलोमीटरवर उभा आहे. या सहलीत जे काही बिघडतं, ते बहुतेक या एका वाक्यातून निघतं. समुद्र जवळ म्हणून धुकं, आणि चुनखडी म्हणून वर पाणी नाही. सह्याद्रीत फिरलेल्यांना गडावर टाकं असणारच याची सवय असते, कारण बसाल्टात खोदलेलं टाकं पाणी धरून ठेवतं. इथे पडलेला पाऊस भेगांतून सरळ पोटात जातो. या डोंगरात १,५८९ मीटर खोलीची गुहा सापडली आहे, यावरून अंदाज यावा. नकाशावर निळा ठिपका दिसला तरी ऑगस्टमध्ये तिथे ओल असेलच असं नाही. माणशी दोन लिटर खालूनच भरून निघायचं, उन्हाच्या दिवशी तीन.

हा वृत्तांत स्पेनच्या उत्तरेकडच्या अस्तुरियासमधल्या आठ दिवसांचा आहे: तळी, नदीतली कयाक, कारेसची घळ आणि उरिएलू या सुळक्याच्या पायथ्याची एक रात्र. वय १८ ते २५, गट बारा जणांचा. बारापेक्षा मोठा गट करू नये. डोंगरातल्या मुक्कामाच्या खोल्या, गावातली टॅक्सी, खानावळीतलं टेबल, सगळं त्या आकड्यापर्यंतच सहज जमतं.

कधी जावं

आपल्याकडची सुट्टी एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तीच वेळ इथे अडचणीची. मेमध्ये १,८०० मीटरच्या वरच्या घळींत बर्फ असतो आणि उतारावरचा कडक बर्फ हा क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे काटे) व आइस-अॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) वापरता येणाऱ्यांचाच विषय आहे. मेमध्येच जायचं असेल तर तळी, नदी आणि कारेस एवढंच करा, उरिएलू सोडा. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा पहिला आठवडा सर्वांत चांगला. सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. ऑगस्टच्या सुरुवातीला सेया नदीवरची मोठी कयाक शर्यत असते. त्या शनिवार-रविवारी आरिओन्दास आणि रिबादेसेया या गावांत झोपायला जागा मिळत नाही.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचं शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच उशिरा मिळते, म्हणून मार्चमध्येच हात घाला. गटाची नेहमीची चूक अशी: मुक्कामाचं बुकिंग लीडरच्या एकट्याच्या नावावर होतं आणि बाकी अकरा जणांच्या अर्जाला पुरावाच राहत नाही. प्रत्येक मुक्कामाकडून सर्वांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक असलेलं पत्र मागून घ्या.

व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा लागतोच. पण साध्या प्रवास विम्यात डोंगरातली सुटका आणि कयाक बऱ्याचदा वगळलेली असते. पॉलिसीतलं 'वगळलेल्या बाबी' हे पान वाचा, साहसी खेळांची जोडणी घ्या आणि तिच्यात उंचीची मर्यादा किती लिहिली आहे ते बघा. गटात १८ खालचं कुणी असेल तर आई-वडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र हवं. कयाकवाले वेगळी सही मागतात, तीही घरूनच करून आणा.

खाऊबद्दल एक गोष्ट. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभतं आणि मांस नेता येत नाही, आणि बहुतेक ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं. म्हणजे पेढे, तूप आणि हापूस घरीच ठेवायचं. शेंगदाण्याची चिक्की आणि चिवडा खुशाल न्या. चढावर चिक्कीइतकं कामाचं दुसरं काही नाही.

पोहोचणं

माद्रिदच्या चामार्तीन स्थानकातून ओविएदोला रेल्वे. २०२३ च्या नोव्हेंबरात पाहारेसच्या डोंगराखालचा नवा बोगदामार्ग सुरू झाल्यापासून हा प्रवास तीन तासांच्या थोडा वर आला आहे. ओविएदोहून कांगास दे ओनीसला बस, साधारण दीड तास. बारा जणांना बस पुरते. गाडी घ्यायची असेल तर नऊ आसनांची व्हॅन साध्या कारच्या परवान्यावर चालवता येते, पण आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा आणि चालक २५ खालचा असेल तर भाड्यावर जादा आकार पडतो. आमच्या मते बसच बरी. कारेसची वाट जिथून सुरू होते त्या पोन्सेबोसला पार्किंग मिळत नाही आणि तळ्यांकडे उन्हाळ्यात दिवसभर खासगी गाड्यांना बंदीच असते.

मुक्काम दोन ठिकाणी ठेवा: पहिले तीन-चार दिवस कांगास किंवा आरिओन्दास, नंतर आरेनास दे काब्रालेस. एकाच गावातून सगळं करायला गेलं तर रोज दोन तास बसमध्ये जातात. आल्बेर्गे म्हणजे डॉर्मिटरीत एका खाटेला साधारण २० ते ३० युरो.

पहिला दिवस तळ्यांचा

कोवादोंगाची एनोल आणि एर्सिना ही दोन तळी हजार-अकराशे मीटरवर आहेत. बस कांगासहून, तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन, आणि सकाळची पहिली गाडी. सहाएक किलोमीटरचा गोल फेरा सोपा आहे, पाय मोकळे करायला उत्तम. इथेच गटाला धुक्याची ओळख करून द्यावी. समुद्रावरून ढग येतो आणि दहा मिनिटांत समोरची गाय दिसेनाशी होते. कुरणात पायवाटा गायींच्याही असतात आणि त्या कुठेच नेत नाहीत. ऑफलाइन नकाशा दोन वेगळ्या फोनवर, आणि धुकं उतरलं की लीड (सर्वांत पुढचा) थांबणार, टेल (सर्वांत मागचा) येऊन मिळेपर्यंत कुणी हलणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडा. पुढे तोच लागतो.

सेया नदी

आरिओन्दासहून योबिओपर्यंत साधारण १५ किलोमीटर, तीन ते चार तास. सात-आठ किलोमीटरवर तोरान्योला बाहेर पडायची सोय आहे. माणशी २५ ते ३० युरोंत कयाक, वल्हं, लाइफ जॅकेट, जलरोधक पिंप आणि परतीची गाडी येते. दहाच्या आसपास नदीत उतरा. दुपारी गर्दी होते.

नदी अवघड नाही, पण उघड्या दोनजणी कयाकला काही सवयी लागतात. वजनदार माणूस मागे. दिशा तोच देतो. पुढचा फक्त लय धरतो. खळाळात वल्हं थांबवलं की कयाक आडवी होते, म्हणून नेमकं तिथेच वल्हवत राहायचं. दगडावर टेकली तर अंग दगडाच्या बाजूला झुकवायचं. घाबरून उलट बाजूला झुकलं की पाणी प्रवाहाकडच्या कडेवरून आत येतं आणि कयाक उलटते. पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला, आणि वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न नाही. पाय दगडांत अडकतो. पोहता येत नसेल त्याने काठावरून चालावं, हे आदल्या रात्री स्पष्ट विचारून घ्या. मुलं चारचौघांत सांगायला लाजतात.

पिंपाच्या झाकणाला रबरी कडं असतं. त्यावर वाळूचा एक कण बसला तरी पाणी झिरपतं. झाकण लावण्याआधी कडं बोटाने पुसा, आणि फोन तरीही वेगळ्या पिशवीत. पायात जुने बूट, चपला नकोत. सनस्क्रीन मांड्यांच्या वरच्या बाजूला लावायला सगळे विसरतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाला धड बसवत नाही.

ऑगस्टमध्ये पाणी उतरतं आणि कयाक ओढावी लागते. जूनमध्ये पाणी भरपूर पण गार. निओप्रिनचा, म्हणजे पाण्यात ऊब धरणारा, पोशाख मागून घ्या.

नदीनंतरचा दिवस सैल ठेवा. रिबादेसेयाची तितो बुस्तियो ही चित्रगुहा आधी नोंदणी करून बघता येते. १९६८ मध्ये ती तरुण गुहाशोधकांच्या गटाला सापडली. त्यांच्यातलाच एक जण थोड्याच दिवसांत डोंगरातल्या अपघातात गेला आणि गुहेला त्याचं नाव मिळालं. संध्याकाळी आरेनासला मुक्काम हलवा.

कारेसची घळ

पोन्सेबोस ते काईन, जाऊन-येऊन २२ ते २४ किलोमीटर. वीजनिर्मितीच्या कालव्याची देखभाल करता यावी म्हणून कड्यात खोदलेली ही वाट. कालवा अजून वाहतो: पायाशेजारी गडद, गुपचूप, वेगात जाणारं पाणी, मध्येच बोगद्यात शिरणारं. त्यात पाय बुडवायचा नाही.

वाट दीड-दोन मीटर रुंद, बहुतेक सपाट, एका बाजूला कठडा नाही आणि खाली कित्येक ठिकाणी शंभर मीटरहून जास्त पोकळी. चालताना भीती वाटावी अशी वाट नाही. धोका आहे तो फोटोसाठी मागे सरकण्यात. फोटो काढायचा तर दोघांनी थांबायचं, पाठ आतल्या भिंतीला, पाय जागेवर. समोरून माणसं आली की आपण आतल्या भिंतीच्या बाजूला राहून थांबायचं. दुसरा धोका डोक्यावरून येतो. वरच्या कपारींत शेळ्या आणि रेबेको नावाची रानबोकडं चरतात, त्यांच्या खुरांनी दगड सुटतात. पावसात आणि पावसानंतरच्या दिवशी हे वाढतं. हेल्मेट घेतलं तर कुणी हसत नाही. ओली, पावलांनी गुळगुळीत झालेली चुनखडी पावसाळ्यातल्या शेवाळी कातळासारखीच दगा देते.

सकाळी साडेसातला सुरुवात करा. पहिले दोन किलोमीटर लोस कोयाओसपर्यंतचा चढ आहे, सुमारे तीनशे मीटरचा, आणि त्यावर सावलीचा पत्ता नाही. परततानाही त्याच पट्ट्यात दुपारचं ऊन भेटतं. गटातले थकतात ते इथे. काईनच्या अलीकडचे पूल आणि पाणी ठिबकणारे बोगदे हा सगळ्यात देखणा भाग, त्यामुळे अर्ध्यातून परतू नका. काईनला पाणी आणि खाणं मिळतं. तिथून "आता गाडीने जाऊ" असं मात्र म्हणता येत नाही. रस्ता अख्ख्या डोंगराला वळसा घालून जातो, दोन तासांहून जास्त. घळीत फोनला रेंज नसते. पाय दुखायला लागलेल्याने काईनला नाही, लोस कोयाओसलाच सांगावं.

उरिएलू

कारेसनंतर अर्धा दिवस विश्रांती, मग टॅक्सीने सोत्रेसला. तिथून पांदेबानोची खिंड तासाभराची, पुढे तेरेनोसा, कोयादो बायेहो, आणि शेवटी दगडगोट्यांतली नागमोडी वाट. सोत्रेसपासून वेगा दे उरिएलूच्या रेफुहिओपर्यंत, म्हणजे १,९५३ मीटरवरच्या निवाऱ्यापर्यंत, बारा जणांना साडेचार ते पाच तास लागतात. समोर पिकू उरिएलू, २,५१९ मीटर. त्याची पश्चिम भिंत सुमारे पाचशे मीटर सरळसोट. पेद्रो पिदाल आणि ग्रेगोरियो पेरेस हे ५ ऑगस्ट १९०४ रोजी पहिल्यांदा माथ्यावर पोहोचले. आपल्या गटाने पायथ्याशी बसून ती भिंत संध्याकाळी रंग बदलताना बघावी, तेवढ्यासाठीही ही चढाई करावी. वर जायचं तर दोर आणि प्रमाणित गाइड लागतो.

निवाऱ्याची नोंदणी दोन-तीन महिने आधी. जेवणासकट घ्या, म्हणजे स्टोव्ह वाहावा लागत नाही. पांघरूण तिथे मिळतं, पण आतली चादर-पिशवी आपली. बूट बाहेरच्या खोलीत. हेडटॉर्च, कानातले बोळे, रोख पैसे, उबदार जॅकेट, हातमोजे. जुलैतही रात्री थंडी झोंबते. सॅक सात किलोच्या आत. दुपारनंतर ढगांचा गडगडाट होतो म्हणून दोन-तीनपर्यंत वर पोहोचायचं. स्पेनच्या हवामान खात्याचा, एमेटचा, डोंगरासाठी वेगळा अंदाज असतो. गावाचा अंदाज वर उपयोगाचा नाही. गावात ढगाळ आणि वर लख्ख ऊन, असं इथे सारखं होतं.

शाकाहाऱ्यांनी निवाऱ्याला नोंदणी करतानाच कळवावं. खाली गावांत 'सिन कार्ने' (मांस नको) म्हटलं तरी भाजीत डुकराच्या मांसाचे तुकडे येऊ शकतात, कारण हामोनला, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाला, बरेच जण मांसात धरत नाहीत. 'सिन कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो' (मांस, हामोन, मासे, काहीच नको) असं पूर्ण म्हणा. फबादा या मोठ्या पांढऱ्या राजम्याच्या घट्ट आमटीत सॉसेज असतंच. जाडजूड तोर्तिया, म्हणजे बटाटा-अंड्याचं आम्लेट, सगळीकडे मिळतं. अंडंही न खाणाऱ्यांनी दुकानातून शिजवलेल्या काबुली चण्यांच्या बरण्या, पाव आणि टोमॅटो घ्यावेत. लहान दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी बहुतेक दिवसभर.

उतरताना पांदेबानोहून सोत्रेसला न वळता डावीकडे बुल्नेसला उतरा. वाट गुडघ्यांवर येते, काठ्या असू द्या. बुल्नेसला मोटाररस्ता नाही. २००१ पासून बोगद्यातून जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे, आहे, २,२२७ मीटर, सात मिनिटांत पोन्सेबोस. तिकीट स्वस्त नाही, पण आदल्या दिवसाच्या चढाईनंतर ज्यांचे गुडघे बोलत असतील त्यांनी घ्यावं. बाकीच्यांनी कानाल देल तेहूच्या घळीतून तासाभरात चालत उतरावं आणि खाली पुलापाशी भेटावं. शेवटची फ्युनिक्युलर आणि पोन्सेबोसहून आरेनासची शेवटची बस या दोन वेळा सकाळीच निवाऱ्यातून निघताना टेलच्या फोनवर लिहून ठेवा. अडचण आली तर क्रमांक ११२.