खांडस ते भीमाशंकर: सगळाच ‘रानमोगरा’ नसतो

माणशी 700 रुपये घेऊन ‘वसंतातली पांढरी रानफुलं’ दाखवणारा वाटाड्या भेटला तर हात जोडा आणि पुढे चला. आमच्याने पायथ्याचं खांडस गाव सुटल्यापासून करवंद, कुसर, गेळा, सगळ्यांना सरसकट ‘रानमोगरा’ ठरवलं. करवंदीला काटे असतात हे माझ्या पोटऱ्यांना कळलं, त्याला नाही.

आता फुकटात ऐका. पाकळ्या नंतर, आधी काटा आणि चीक बघा. चीक गावाजवळच्या बांधावर बघून घ्या, एक पान पुरतं. वर अभयारण्य आहे, तिथे काही खुडायचं नाही. जोडीने काटे, पांढरा चीक, पाच पाकळ्या: करवंद. काटा नाही, चीक नाही, झुडपांवर चढलेला वेल, पाचाहून जास्त अरुंद पाकळ्या आणि घमघमाट: कुसर. काटे आहेत पण चीक नाही, एकाच फांदीवर पांढरी नि पिवळट फुलं: गेळा. त्याचं फूल शिळं होताना पिवळं पडतं, झाडं दोन नसतात. कुडा मात्र छळतो. काळा कुडा असो की पांढरा, चीक दोघांना आणि फुलंही दोघांची पांढरीच. फुलात मधोमध झालर दिसली तर तो काळा. कुंभा शोधायचा तर सकाळी मान खाली ठेवा. रात्री उमललेली फुलं बुंध्याशी पडलेली असतात, लांब केसरांचे झुपके.

खांडसहून वर जायला गणेश घाट आणि शिडी घाट अशा दोन वाटा; गणेश घाटानेच चढा. शिडी घाटात दोन्ही हात शिडीला नि कातळाला, फुलं कधी बघणार? पण गणेश घाट ‘सोपा’ म्हणणाऱ्यांनी मार्चअखेर अकरा वाजता तिथे उभं राहून दाखवावं. वाटेतल्या पदरवाडी या वस्तीच्या अलीकडचा उघडा पट्टा जीव काढतो. सावली नाही, वारा नाही, आणि ‘पुढे झरा आहे’ म्हणून ज्याच्या भरवशावर आम्ही पाणी संपवलं तो झरा पावसाळ्यातला निघाला. माणशी तीन लिटर खालूनच भरा. उजाडताच निघा, नऊच्या आत पदरवाडी गाठा. त्यानंतरचा चढ खडा आहे, पण झाडी आहे.

दुसऱ्या दिवशी गुप्त भीमाशंकरकडे गेलो. बिनपानांच्या कांड्यांवर पांढरी ऑर्किडं होती, छान होतं.

परतीला घाट उतरायचा हट्ट नको. वरून एसटी मिळते, सरळ मंचर गाठा.