लोझेर : चार दगडांचा मुलूख

दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागात असलेला लोझेर हा त्या देशाच्या मुख्य भूमीवरील सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ ५,१६७ चौरस किलोमीटर असले तरी वस्ती जेमतेम ७६ हजारांची आहे, आणि एकोणिसाव्या शतकात ती याच्या जवळजवळ दुप्पट होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९० साली जुने प्रांत मोडून जिल्हे आखले गेले, तेव्हा जेवोदाँ या प्रांताचा बहुतेक भाग आणि शेजारचा थोडा मुलूख एकत्र करून हा जिल्हा झाला. बाहेरची एकही नदी येथे वाहत येत नाही. उलट तार्न, लोत आणि आलिए या नद्या येथूनच उगम पावून अटलांटिककडे जातात, तर दक्षिण उताराचे पाणी ऱ्होनमार्गे भूमध्य समुद्राला मिळते.

जूनमध्ये आम्ही सहकुटुंब येथे गेलो, तेव्हा तार्नची घळ पाहणे एवढाच बेत होता. परंतु लोझेर खऱ्या अर्थाने पाहायचा असेल, तर त्याच्या चार दगडांचा माग काढत हिंडावे, असे मी आता आग्रहाने सांगेन. उत्तरेकडील मार्जरीद आणि मध्यावरील माँ लोझेर हे ग्रॅनाइटचे आहेत, नैर्ऋत्येकडील पठारे चुनखडीची, आग्नेयेकडील सेवेनच्या दऱ्या शिस्ट या पत्थराच्या, आणि वायव्येचे ओब्राक आपल्या सह्याद्रीप्रमाणेच बेसाल्टचे आहे. दगड बदलला की घराचे छप्पर, शेत, ताटातले अन्न आणि बऱ्याच अंशी धर्मही बदलतो.

माँद हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असून तेथील कॅथेड्रलचे बांधकाम चौदाव्या शतकात पोप पाचवे अर्बन यांनी सुरू करवले. ते याच मुलखात जन्मले होते. तेथून दक्षिणेकडे माँ लोझेरवर चढताना १,६९९ मीटर उंचीचे फिनिएल शिखर लागते. शिखरापेक्षा मला तेथील लहान वाड्यांवरचे घंटाघर अधिक मोलाचे वाटले. उल्ते, सर्व्हिएस यांसारख्या वस्त्यांमध्ये हिमवादळात वाट चुकलेल्या माणसाला आवाजाचा आधार मिळावा, म्हणून गावकरी ही घंटा तासन्‌तास वाजवीत असत. ज्या उतारावर आज उन्हाळ्यात सहज फिरता येते, तेथे हिवाळ्यात माणसे घरापासून हाकेच्या अंतरावर गोठून मरत, हे त्या घंटेजवळ उभे राहिल्यावरच नीट उमगते.

याच डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी तार्नच्या काठी ल पाँ-द-मोंव्हेर हे गाव आहे. प्रोटेस्टंटांना पूर्वी दिलेले धर्मस्वातंत्र्य राजा चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतल्यानंतर सेवेनमधील लोक रानावनात लपून प्रार्थना करीत. त्यांना पकडून डांबून ठेवणाऱ्या आबे दु शेला या धर्माधिकाऱ्याला २४ जुलै १७०२ च्या रात्री याच गावात ठार करण्यात आले आणि कामिसार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या बंडाला तोंड फुटले. विणकर, मेंढपाळ, शेतकरी अशा साध्या माणसांनी डोंगराच्या आडोशाने राजाच्या फौजेला दोन वर्षे झुंजवले. उत्तरादाखल १७०३ मध्ये सैन्याने शेकडो वाड्या-वस्त्या जाळल्या. सेवेनच्या दऱ्यांतून जाताना घराशेजारी, बांधाच्या कडेला एकट्यादुकट्या कबरी दिसतात. कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारल्यामुळे प्रोटेस्टंट कुटुंबे आपल्या मृतांना स्वतःच्या जमिनीत पुरत, आणि ही रीत पुढेही टिकली. या कबरी खासगी आवारात आहेत, तेव्हा त्या रस्त्यावरूनच पाहाव्यात.

शिस्टच्या या उतारांवर गहू पिकत नाही. म्हणून लोकांनी दगडी ताली घालून चेस्टनटची झाडे वाढवली, फळे क्लेद नावाच्या लहान दगडी घरात मंद धुरावर आठवडेच्या आठवडे वाळवली आणि हिवाळाभर त्यांवर गुजराण केली. तुतीची झाडे आणि रेशीम यांनी काही काळ रोख पैसा आणला; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर किड्यांवर रोग पडला आणि तो धंदा खचला. ओस पडलेल्या ताली आजही मैलोन्‌मैल दिसतात.

फ्लोराकहून वळणावळणाने वर चढले की कॉस मेझाँ या चुनखडीच्या पठारावर आपण येतो, आणि हा या प्रवासातला सर्वांत विलक्षण भाग आहे. पडलेले पाणी लगेच जमिनीत मुरते, त्यामुळे ओढा नाही. झाडे विरळ, म्हणून घरांना लाकडी तुळयांऐवजी दगडी कमानींचा आधार दिलेला. मेंढ्यांसाठी फरसबंद तळी बांधलेली आहेत आणि त्यांचे दूध रोकफोर चीजसाठी जाते. पठाराखालची आवाँ आर्माँ ही गुहा १८९७ मध्ये सापडली. तेथे रुळांवरच्या गाडीने उतरता येते, मात्र आत गारवा असल्याने स्वेटर हवाच. जवळच्या जोंत नदीच्या घळीत गिधाडे पाहण्याची सोय आहे. या भागातून नाहीशी झालेली गिधाडे १९८० च्या दशकापासून पुन्हा सोडण्यात आली, आणि मेंढपाळ मेलेली जनावरे त्यांच्यासाठी ठरलेल्या जागी ठेवतात. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे गमावलेल्या आपल्या देशातील माणसाने हे आवर्जून पाहावे.

तार्नची घळ सुंदर आहेच. ला मालेनहून नावाडी सपाट तळाच्या होडीतून नेतात. जुलै-ऑगस्टमध्ये अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, म्हणून सकाळी लवकर निघावे.

येथे भाड्याची मोटार जवळजवळ अनिवार्य आहे. क्लेरमाँ-फेराँ ते नीम रेल्वेमार्गावर लाँगोन्य आणि विलफोर ही स्थानके जिल्ह्यात आहेत, परंतु पुढे बसगाड्या तुरळक मिळतात. मोटारीने येणाऱ्यांना ए-७५ हा महामार्ग मियोचा पूल वगळता टोलमुक्त आहे. इंधन आणि किराणा माँद किंवा फ्लोराक येथेच भरून घ्यावा, कारण गावातली दुकाने दुपारी बंद असतात आणि रविवारी तर बहुतेक दिवसभर. शाकाहारींनी ओब्राकचे आलिगो, म्हणजे ताजे चीज घोटलेला बटाट्याचा लगदा, आणि बकरीच्या दुधाचे पेलार्दों चीज यांवर भरवसा ठेवावा; आलिगोसोबत बहुधा सॉसेज येते, ते नको असल्याचे आधीच सांगावे, आणि चेस्टनटच्या सूपमध्ये डुकराचे मांस आहे का ते विचारावे. पठारावर मेंढ्यांच्या कळपासोबत पांढरे राखणदार कुत्रे असतील, तर कळपाला मोठा वळसा घालून शांतपणे चालावे, पळू नये.

मे-जून हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरदरम्यान भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या दमट वाऱ्यांमुळे सेवेनवर काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो आणि नद्या अचानक फुगतात. त्या दिवसांत हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा, नदीकाठी तंबू ठोकू नये आणि पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर गाडी मुळीच घालू नये.