नाकावरचं मेण

गाडीचं नाक मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते, आणि तोवर माझा हात बसलेला असतो. दुसरा कोट मारला आणि ओला रंग डोळ्यांदेखत मागे सरकायला लागला. आधी एक खळगा, मग दहा, मग मोजायचं राहिलंच. वाटाण्याएवढे गोल खळगे, प्रत्येकाच्या तळाशी उघडा फायबर. आमच्या कामात याला फिश आय म्हणतात. मी रंग फवारायची गन खाली ठेवली. दाराच्या काचेतून ताई बघत होत्या.

ताई वर्कशॉप शिकवतात. वेल्डिंगला त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला. चार वर्षं रोज संध्याकाळी थोडं थोडं करत त्यांनी ही दोन सीटांची उघडी गाडी घरच्या शेडमध्ये उभी केली. चौकोनी पाइपची चासी, भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स, बाजूंना रिव्हेट मारलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, ट्रेलरला लावतात ते तयार पत्र्याचे मडगार्ड. नाक मात्र फायबरचं, साचासुद्धा त्यांनीच केलेला. घरी बनवलेल्या गाड्यांचं एक ठरलेलं असतं, रंगाची पाळी येते तेव्हा पैसे संपलेले असतात. त्यांनी पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं, "दादा, सामान आणि तुमची एका दिवसाची मजुरी. त्यापुढे माझ्याकडे काही नाही."

मी हो म्हणालो, कारण हिशोब जमण्यासारखा होता. रंगकामातली बहुतेक मेहनत गन हातात घेण्याआधीची असते. घासणं, पुसणं, खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) भरणं, पुन्हा घासणं. ते मालकाने मनापासून केलं तर पैसे खरोखर वाचतात. ठरलं असं की तयारी ताईंची, गन माझी.

आणखी बचत करायची तर बाजूचा पत्रा तसाच ठेवा, असंही मी सुचवलं होतं. लोटस या ब्रिटिश कंपनीची सेव्हन, अशीच दोन सीटांची उघडी गाडी, 1957 साली आली आणि सुट्या भागांच्या किटमध्येही विकली गेली. तिच्या घराण्यातल्या कितीतरी गाड्यांचा पत्रा उघडा, पॉलिश केलेला असतो, रंग फक्त नाकाला आणि मडगार्डना. सामान जवळजवळ निम्म्यावर येतं. ताई म्हणाल्या, "चार वर्षं पत्राच बघतेय. आता मला रंग बघायचाय." यावर मी काय बोलणार?

त्यांच्या मनात गडद निळा मेटॅलिक होता. तो मी सोडायला लावला आणि त्याचं मला आजही समाधान आहे. मेटॅलिकला रंगाचा बेस वेगळा, वरचा पारदर्शक क्लिअर वेगळा, म्हणजे दोन सामानं. त्यातली चमकी गनचा दाब आणि अंतर बदललं की वेगळी बसते, त्यामुळे एक पॅनल पुन्हा मारायची वेळ आली तर तो शेजारच्याशी जुळेलच असं नाही. शिवाय गडद आणि चकचकीत रंग पत्र्यातली प्रत्येक लाट दाखवतो. हाताने ठोकलेल्या बॉनेटवर लाटा असणारच. फिकट, साधा, एकाच डब्यातून येणारा रंग हे सगळं पोटात घेतो. शेवटी फिकट निळसर राखाडी ठरला. दोन लिटर रंग, त्यात कालवून तो कडक करणारं एक लिटर हार्डनर, थोडं थिनर.

हार्डनरबद्दल इथे बोललंच पाहिजे. या दोन भागांच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास धोक्याच्या पातळीलाही जाणवेलच असं नाही, म्हणून साध्या मास्कवर भरवसा ठेवता येत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांनी उमेदीची वर्षं तोंडाला रुमाल बांधून गन चालवली. पुढे त्यांना दमा लागला तो असा, की कोणी दुकानात नुसता रंग कालवला तरी ते बाहेर पळायचे. त्यांचा हात शाबूत होता, पण धंदा सोडावा लागला. म्हणून ताईंच्या शेडमध्ये मी माझा हवेचा मास्क नेला आणि काम संपून हवा खेळेपर्यंत त्यांना आत येऊ दिलं नाही.

असा मास्क जवळ नसेल तर दोन भागांचा रंग घरी मारूच नका. हार्डनर न लागणारा इनॅमल आणा, थिनरने पातळ करा आणि फोमच्या बारीक रोलरने लावा. हवा तरीही खेळती हवी. पाच-सहा पातळ कोट, दर दोन कोटांनंतर पाणपेपर, शेवटी 1500 आणि 2000 नंबरच्या पेपरने घासून बफिंग (नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक). वेळ भरपूर जातो. पण मनाशी कमीपणा कशाला बाळगायचा? 1920 च्या दशकात झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर येईपर्यंत कितीतरी मोटारी ब्रशनेच रंगवत होते. अशा एकेका गाडीला आठवडे लागायचे आणि त्या कामाकडे बघून आजही मान झुकते.

तर त्या सकाळी तयारी बघून मी खूश होतो. पत्रा 240 ने घासून, पुसून, त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, मारलेला. अॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर धरतो, म्हणून घासल्यावर उशीर चालत नाही, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. बॉनेटवर लांबी पातळ भरलेली, प्रायमरवर काळ्या रंगाची हलकी फवारणी करून लाकडी ठोकळ्याने घासलेली. काळं जिथे राहतं तिथे खड्डा. मला एकही ठिपका दिसला नाही. नाकाला प्रायमर नव्हता. फायबरचा वरचा थर, जेलकोट, आधीच गुळगुळीत आहे, तो 400 ने घासला की थेट रंग चालेल, तेवढाच एक डबा वाचेल, असा त्यांचा विचार. विचार चुकीचा नव्हता.

फरशीवर पाणी मारलं, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं, 1.3 मिलिमीटर तोंडाची गन घेतली. छोटा कॉम्प्रेसर, त्यामुळे एक पॅनल झाला की थांबून हवा भरू द्यायची. आधी बॉडी, मग बॉनेट, मग मडगार्ड. पहिला कोट हलका, दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा भरून, आदल्या पट्ट्यावर अर्धा चढवत. दुपारपर्यंत सगळं असं बसलं होतं की मास्कच्या आत मी एकटाच हसत होतो.

आणि मग नाक.

आधी मी तेच केलं जे कोणीही करील. कोरडी, धुळीसारखी फवारणी करून खळगे बुजवायचा प्रयत्न केला. दोनदा. बुजले नाहीत, रंग मात्र गेला. रंगात घालायचं एक औषधही मिळतं, पण त्यात बहुधा सिलिकॉनच असतं. एकदा ते वापरलं की पुढच्या प्रत्येक कोटात घालत बसावं लागतं आणि गनही नासते. मी ते घालत नाही. थिनरच्या फडक्याने सगळा ओला रंग पुसून काढला.

बाहेर येऊन विचारलं, "ताई, नाक साच्यातून सुटावं म्हणून साच्याला काय लावलं होतं?"

"मेण. सहा हात. आणि वरून पीव्हीए."

"घासायच्या आधी नाक पुसलं होतं का?"

"पीव्हीए पाण्याने धुतलं. मग घासलं. मग पुसलं."

पीव्हीए पाण्यात जातं, मेण जात नाही. साच्यातून निघालेल्या फायबरवर मेणाचा थर येतोच. तो काढण्याआधी पेपर फिरवला की मेण निघत नाही, प्रत्येक ओरखड्यात भरलं जातं. नंतरचं पुसणं वरवरचं. आधी मेण, मग पेपर, हा क्रम सांगणं माझं काम होतं आणि मी सांगितलं नव्हतं. पत्र्याबद्दल मी त्यांना तासभर बोललो होतो. फायबरबद्दल एक वाक्यही नाही. ते मी त्यांना तसंच सांगितलं.

मग नाक बाहेर उजेडात नेऊन त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. अळूच्या पानावर असतात तसे थेंब गोळा होऊन घरंगळत गेले. स्वच्छ पृष्ठभागावर पाणी सलग पसरतं, मेण किंवा तेल असेल तिथे फाटतं. अर्ध्या मिनिटाची परीक्षा, फुकटातली, आणि ती मी सकाळी केली नव्हती. ताई बराच वेळ त्या थेंबांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मी वर्गात दाखवणार."

उरलेला रंग मोजला तर एका कोटालाही पुरणार नव्हता. नवा डबा घ्यायला पैसे नव्हते, मला माहीत होतं. माझ्याकडे एका जुन्या कामातला क्रीम रंग पडून होता, न कालवलेला, नाकाला पुरेल एवढा. सेव्हनच्या घराण्यातल्या गाड्यांना वेगळ्या रंगाचं नाक शोभतं, हे मी समजूत घालायला नव्हतो सांगत. मला खरंच शोभतं असं वाटतं. ताईंनी डबा उघडून झाकणावरचा रंग बॉनेटजवळ धरून पाहिला. होही म्हणाल्या नाहीत, नाहीही नाही. "आधी मेण काढते," एवढंच.

पुढच्या रविवारी गेलो. मेण काढायचं द्रावण आणि दोन फडकी, एकाने ओलं करायचं, सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं, दर हाताला फडक्याची घडी बदलायची. असं त्यांनी चार वेळा केलं होतं. मग 320 ने घासणं, मग पुन्हा दोनदा पुसणं. मी गन जोडत होतो तेवढ्यात त्यांनी स्वतःहून तांब्या घेतला आणि नाकाच्या टोकावर ओतला. पाणी दोन्ही बाजूंनी एकसंध खाली उतरलं, काठापर्यंत, कुठेही न फाटता. ताईंनी ते पूर्ण वाळू दिलं, कोरडं फडकं एकदा फिरवलं आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"मारा, दादा. क्रीमच."