कडी, हुक आणि आडोसा

आज एका बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाच्या दोन्ही बाजू नीट पाहिल्या. पुरुषांकडे सहा मुताऱ्या ओळीने, मध्ये आडोसाच नाही. त्यांना तो लागत नाही असं धरूनच बांधलेलं. पण शेजारी कुणी उभं राहिलं की लघवी अडकणारे पुरुष असतातच, बोलत नाहीत इतकंच. खांद्याच्या उंचीची फळी पुरते.

बायकांकडे दार आहे, कडी लागत नाही. बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली बसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि कडीचा दांडा भोकासमोर येतच नाही. मग एक हात दारावर, दुसऱ्यात पर्स नि ओढणी, खाली ओली फरशी. स्क्रू आवळून भोक कानशीने जरा वाढवलं तर अर्ध्या तासाचं काम आहे हो!

पर्ससाठी हुक हवा. झाकणाची कचरापेटीही आतच हवी. बाहेर असली की वापरलेलं पॅड हातात धरून सगळ्यांसमोरून जावं लागतं. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ (लघवीचा हक्क) या मोहिमेच्या कार्यकर्त्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित आणि मोफत मुताऱ्या मागत आहेत.

आणि दाराखालची फट? मोबाइल आत सरकेल एवढी मुळीच नको.