तोलार खिंडीचा ओला कातळ आणि ‘खास पावसाळी’ बूट

हरिश्चंद्रगड भर पावसात आणि तोही पायथ्याच्या खिरेश्वर गावाकडून करणार असाल, तर आधी बूट उलटे करून सोल बघा. दम, रेनकोट, विजेरी हे तुमच्याकडे असेलच, त्याबद्दल काही सांगत नाही. गुडघा शेकत हे लिहितोय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

‘खास पावसाळी ट्रेकचे आहेत, कातळावर चिकटून बसतात,’ असं सांगून दुकानदाराने साडेतीन हजार घेतले. खुबी फाट्यावरून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीने खिरेश्वर आणि पुढे रानातून तोलार खिंड, इथवर तक्रार नव्हती. चिखलात खोल खाचांचा उपयोग होतोच. खिंडीतलं वाघाचं शिल्प मागे टाकून गडाच्या वाटेला लागलो आणि रेलिंग लावलेला चढणीचा कातळ आला.

वरून पाण्याची धार, कातळावर हिरवट-काळं बुळबुळीत शेवाळ. पहिल्याच खोबणीत पाय ठेवला आणि दोन्ही बूट एकदम सटकले. हात रेलिंगवर होता म्हणून वाचलो, गुडघा मात्र सडकून आपटला. सोबतच्या गावातल्या मामांनी माझ्या सोलवर अंगठ्याचं नख दाबून बघितलं. ‘लय कडक हाय दादा, ह्यो कातळ धरायचा नाय.’ त्यांच्या पायात झिजलेले साधे बूट होते आणि ते आरामात उभे होते.

बूट घेताना हीच परीक्षा करा. नख दाबल्यावर रबर थोडं दबलं पाहिजे. ओल्या कातळावर खाचांच्या खोलीपेक्षा मऊ रबर किती टेकतंय याला महत्त्व. कडक सोल तिथे टोकांवरच उभा राहतो. शिवाय नव्या सोलवर एक गुळगुळीत, चकचकीत थर असतो. साठ किंवा ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर आणून तो आडवा-उभा घासून काढा, चमक पूर्ण गेली पाहिजे. मग दोन-तीन दिवस डांबरी रस्त्यावर चाला. पेट्रोल किंवा थिनरने सोल पुसायचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका, चिकटवलेला सोल सुटू शकतो.

मला तो टप्पा पार करून दिला तो काथ्याने. मामांनी पिशवीतून काथ्याची दोरी काढली, चवड्याखालून दोन वेढे दिले, एक वेढा टाचेच्या पुढच्या खोलगट भागातून घेतला आणि गाठ वरती, बाहेरच्या बाजूला मारली. गाठ तळाला आली की पाय डुगडुगतो. टाचेखालचा वेढा मागे निसटतो, म्हणून तिथे घ्यायचा नाही. काथ्याचे राठ धागे शेवाळात रुततात. नायलॉनची दोरी अजिबात नको, ती स्वतःच घसरते. सुतळी चालते, पण भिजून लवकर चपटी होते. कोरड्या दगडावर काथ्या पटापट तुटतो, तेव्हा कातळाच्या पायथ्याशी बांधा, वर गेल्यावर सोडा आणि उतरण्यासाठी दुसरा तुकडा ठेवा. काथ्या नसेल तर जुने जाड सुती मोजे बुटावरून चढवा. फाटतात, पण तेवढा टप्पा निघतो.

बांधायच्या आधी खाचांतला चिखल काडीने उकरून काढा. मामा प्रत्येक कातळाआधी हे करत होते. चिखलाने भरलेल्या खाचा म्हणजे सपाट सोल.

पायथ्याला एकाने बुटावर चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे साडेतीनशेला विकले, तेही सोबत्याने घेतले. खिळे बोथट, रबर सैल, दुसऱ्या पावलाला पट्टा घोट्यावर आला. ही शुद्ध लूट आहे. त्या पैशांत वर्षभराचा काथ्या येईल.

कोकणकडा, केदारेश्वराची गुहा, मंदिर, सगळं बघितलं, छानच आहे.

उतरताना मात्र माझं स्पष्ट मत: सोल कडक असेल आणि पाऊस धरलेला असेल तर तोलार खिंडीने उतरू नका. गडाच्या दुसऱ्या बाजूच्या पाचनई गावाकडे उतरा. त्या वाटेवरही कातळावरून पाणी वाहतं, पण उभी उतरण नाही. गाडी खिरेश्वरला असेल तर फेरा मोठा पडतो, म्हणून निघण्यापूर्वीच पाचनईहून परतीची जीप ठरवून ठेवा आणि भाडं आधी बोलून घ्या.