तुम्ही विचारलंत म्हणून: वाडा की हॉटेल?

"स्वतःचा वाडा पाहुण्यांना देता आणि फोनवर आम्हालाच हॉटेलात जा म्हणता, हे काय?" गेली काही वर्षं हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. दर वेळी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. आता एकदा लिहूनच टाकते.

फोन आला की मी आधी विचारते, बरोबर वयस्कर कोणी आहे का? रात्री उठावं लागणारं, गुडघे धरलेलं कोणी असेल तर पाचगणीच्या रस्त्यावरचं लिफ्टवालं हॉटेल सुचवते. तिथे साडेसात हजारांच्या वरची खोली घेतली की 18 टक्के जीएसटी लागतो, आणि आमच्याकडे दोन्ही वेळचं जेवण धरून त्याच्या निम्म्यात भागतं, हे मला कळतं. तरी सांगते. काहींना वाटतं मला तिकडून कमिशन मिळतं. एक पैसा मिळत नाही.

वाईतल्या वाड्याचं कौतुक मी तुम्हाला सांगायला नको. त्यासाठीच तर तुम्ही फोन करता. पण ज्या जाड भिंतींमुळे मे महिन्यात पंखा लागत नाही, त्याच भिंतीच्या पोटातून आमचा जिना वर जातो. अंधारा, उभा, एका माणसापुरता. दार वाकून ओलांडायचं आणि त्याच वेळी पाय उचलून उंबरठाही ओलांडायचा. तरुणाला यात मौज वाटते.

सुरुवातीला मीच म्हणायचे, हॉटेलात लोक झोपायला जातात, आमच्याकडे राहायला येतात. हे वाक्य मी फोनवर शेकडो वेळा म्हटलंय, आणि मनापासून म्हटलंय.

माझी आत्या याच वाड्यात जन्मली. लग्न होऊन नागपूरला गेली, आणि नंतर तिचं येणं कमी होत गेलं. एकोणऐंशीव्या वर्षी म्हणाली, आपल्या घाटावरचा कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव एकदा डोळे भरून बघायचाय, जवळच्या मेणवली गावच्या देवळातली घंटाही बघायचीय. आतेभावाने तिच्यासाठी हॉटेलात तळमजल्याची खोली घेतली होती, पैसेही भरले होते. मी त्याला फोन करून भांडले. म्हटलं, दादा, स्वतःच्या माहेरात आत्या हॉटेलात उतरणार? लोक काय म्हणतील? त्याने खोली रद्द केली.

दोन दिवस फार छान गेले. घंटा बघून आली. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर आणलेली म्हणून तिच्या वडिलांनी ती दाखवली होती, त्यांच्या खांद्यावर बसून बघितली होती म्हणाली. उत्सवाचा आमटी-भात पंगतीत बसून जेवली. वाड्यात सगळ्या खोल्या भरलेल्या, म्हणून तिला मी माजघरालगतच्या खोलीत झोपवलं, तिच्या आईच्या खोलीत.

पाहुण्यांसाठी बाथरूम काढताना आम्ही चौकाखालून पाइप नेले होते. त्यावर भर टाकून नवी फरशी बसवली, जुन्यासारखीच दिसणारी, काळ्या दगडाची. चौक वर आला. सोप्यावरून चौकात उतरायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, त्या दोन उरल्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही. दिवसा तीही उतरत होती, बघून.

रात्री ती दिवा न लावता उठली. लहानपणापासून अंधारातच जायची सवय. एक पायरी, दुसरी, आणि तिसरीसाठी पाय खाली सोडला तर तिथे जमीनच होती. नसलेल्या पायरीवर पाय टाकला की कसा हिसका बसतो ते तुम्हाला माहीत असेल. खुब्याचं हाड मोडलं.

साडेचारला मी बंब पेटवायला उठले तेव्हा ती तुळशीवृंदावनाला पाठ टेकून बसलेली होती. माघातली थंडी, दगड गार. किती वेळ बसली होती ते तिने कधीच सांगितलं नाही. हाक का नाही मारलीस विचारलं तर म्हणाली, "पाहुण्यांची झोपमोड झाली असती." अँब्युलन्स आळीत शिरेना. चार पाहुण्यांनीच तिला बाजेवरून कोपऱ्यापर्यंत नेली.

साताऱ्याला ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मला जवळ बोलावून विचारलं, "तिसरी पायरी कुठे गेली गं?"

नंतर ती वॉकरवर चालायची, घरातल्या घरात. दोन वर्षांनी गेली. वाईला परत आली नाही. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

यावर लोक म्हणतात, मग पायरीचा दोष, वाड्याचा काय? खरंय. कठडे बसवले, पायाशी दिवे लावले, खालच्या खोलीला लागून कमोड केला. तरी मला एक गोष्ट पटत गेलीय. वाडा पूर्वी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचा, कारण तो भरलेला असायचा. रात्री आजी उठली तर शेजारी झोपलेली सून नाहीतर नात जागी व्हायची. आता वाडा भरलेला असतो, पण सगळी दारं आतून बंद असतात. कण्हण्याचा आवाज आला तरी पाहुण्याला वाटतं, घरातलं कोणीतरी असेल. हॉटेलात निदान उशाशी फोन असतो आणि तो उचलायला माणूस जागा असतो.

पण हेही सांगते. मी हॉटेलात पाठवलेले एक आजोबा चार दिवस रोज रिक्षा करून आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. माझ्याबरोबर मेथी निवडायचे. जाताना म्हणाले, तिथे कशाचीच उणीव नव्हती, पण दिवसभरात नावाने हाक कोणी मारली नाही. त्या दिवशी मला वाटलं, मी त्यांना पाठवायला नको होतं. अजूनही अधूनमधून वाटतं.

दर उन्हाळ्यात गवंड्याला विचारते, फरशी उखडून चौक पुन्हा खाली घेता येईल का? तो म्हणतो, पाइपांचं काय करायचं? बोलणं तिथेच थांबतं.

परवा पुण्याहून एका बाईंचा फोन आला. आई ब्याऐंशीची, जन्म आमच्या शेजारच्या आळीतल्या वाड्यातला. तो वाडा पडून आता तिथे इमारत झालीय. आईला हॉटेल नकोय, चौक असलेल्या घरात झोपायचंय, एकच रात्र. संध्याकाळी कळवते म्हटलं. चार दिवस झाले, अजून फोन केलेला नाही.